तुम्ही विचारलंत म्हणून : पिवळी भिंत आणि आजीचा पदर

नागपुरातल्या प्रतापनगरच्या माझ्या छोट्याशा वर्गात स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना घेऊन येणारे पालक दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक प्रश्न हमखास विचारतात : "मॅडम, पोरांमध्ये मिसळणं शिकवणारं एखादं सॉफ्टवेअर सांगा न." अशी सॉफ्टवेअर आहेत आणि मी ती वापरतेही, पण त्यापुढचे सांगणे दारात चपला घालता घालता उरकण्यासारखे नसते, म्हणून येथे लिहिते आहे.

माणसाचा चेहरा क्षणात बदलतो आणि त्याच वेळी आवाज, हातवारे, आजूबाजूचा गोंगाट असे सगळे एकदम अंगावर येते. संगणक मात्र एका वेळी एकच गोष्ट दाखवतो, तीच पन्नास वेळा दाखवतो आणि पन्नासाव्या वेळीही त्याचा सूर चढत नाही. याचाच विचार करून केंब्रिज विद्यापीठातील सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने 'द ट्रान्सपोर्टर्स' ही लहान मुलांसाठीची चलच्चित्रमालिका घडवली. तीत ठरलेल्या मार्गाने धावणाऱ्या गाड्यांवर खऱ्या माणसांचे चेहरे बसवलेले आहेत, कारण अनेक स्वमग्न मुलांना गाड्यांची नियमबद्ध हालचाल आवडते आणि गाडी पाहता पाहता चेहराही पाहिला जातो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 4 ते 7 वर्षांच्या मुलांनी चार आठवडे ती रोज पाहिली आणि भावना ओळखण्यात त्यांची चांगली प्रगती झाली. मात्र ही मुले भाषा बऱ्यापैकी अवगत असलेली होती. पुढे बौद्धिक क्षमता कमी असलेल्या मुलांनाही सामावून घेणारा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला, तेव्हा फायदा मर्यादितच दिसला.

माझ्याकडे येणारा सहा वर्षांचा एक मुलगा संगणकावर 'राग' दर वेळी अचूक ओळखत असे. आम्ही खूश होतो. एके दिवशी मी रागाच्या फोटोतल्याच माणसाचा हसरा फोटो तशाच पिवळ्या भिंतीपुढचा लावला, तर त्याने क्षणाचाही विलंब न लावता 'राग'वर बोट ठेवले. तीन आठवडे तो चेहरा पाहतच नव्हता, भिंत पाहत होता. चूक त्याची नव्हती. रागाचे सगळे फोटो त्याच भिंतीपुढे काढणाऱ्यांची होती, आणि ते वेळीच न पाहिल्याबद्दल माझीही.

दुसरी अडचण घरची. सॉफ्टवेअरमधले आनंदी लोक दात दाखवून हसतात. याची आजी मात्र तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसते. तिला तशी हसताना पाहून त्याने आईला विचारले, "आजी रडते?" तेव्हापासून मी विकतच्या प्रोग्रॅमवर भर देणे सोडले. आई-बाबा, आजी, शेजारच्या काकू यांचे वेगवेगळ्या कपड्यांतले, वेगवेगळ्या खोल्यांतले फोटो आणि चार-पाच सेकंदांचे व्हिडिओ मोबाईलवर घेऊन लॅपटॉपवर साध्या स्लाईड करते. शब्दही घरचेच घालते. एका भाषांतरित प्रोग्रॅममध्ये खेळताना म्हणायचे वाक्य 'आता माझी पाळी' असे होते. आमच्याकडची पोरे 'माझी बारी' म्हणतात, आणि 'पाळी' म्हणणाऱ्या मुलाला मोठी मुले हसतात ते वेगळेच.

डोळ्यांत पाहिल्याबद्दल गुण देणारे खेळ मी वापरत नाही. कित्येक मुलांना नजर भिडवणे खरोखर त्रासाचे होते, आणि इकडेतिकडे पाहत ती आपले बोलणे उत्तम ऐकतात. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 मध्ये मांडले की एकमेकांना समजून घेण्यातली अडचण दोन्हीकडून असते. मला ते रोज दिसते, म्हणून काही स्लाईड मी शेजारच्या मुलांसाठीही करते.

लॅपटॉपवर बसणे दिवसातून पंधरा मिनिटे, तेही शेजारी मोठे माणूस असताना, आणि त्याच आठवड्यात तीच गोष्ट बाहेर करून पाहणे, एवढे मी आग्रहाने सांगते. या मुलाला खापरीपासूनची मेट्रोची सगळी स्थानके क्रमाने पाठ होती, पण दार उघडले की तो समोरच्यांना ढकलून आत घुसत असे. आम्ही छत्रपती चौकातल्या फलाटावरचे आठ फोटो काढले : बाजूला उभे राहायचे, उतरणाऱ्यांना उतरू द्यायचे, मग चढायचे. दहा दिवस ते पाहून झाल्यावर एका रविवारी त्याच स्थानकावर गेलो. पहिल्या गाडीला तो घुसलाच. आम्ही सीताबर्डीला उतरलो, परतीच्या फलाटावर गेलो आणि तेथे त्याने दाराच्या बाजूला उभे राहून मोठ्याने आकडे म्हणायला सुरुवात केली. एका आजोबांनी विचारले, "काय मोजतोस रे?"

"उतरणारे," तो त्यांच्याकडे न पाहता म्हणाला. सात झाले, मग तो चढला.

आता न्हाव्याच्या दुकानाच्या स्लाईड करायला घेतल्या आहेत. खुर्चीचा आणि कात्रीचा फोटो त्याच्या बाबांनी काल पाठवला, मशीनचा आवाज अजून यायचा आहे.