पाच ओळींचा कोड आणि नऊ दिवसांची कॅश: माझा अनुभव

गेल्या फेब्रुवारीत ठाण्याच्या कोपरीहून एका दादांचा फोन आला. सकाळी साडेसहाला ते ऐरोलीच्या खाडीवर दुर्बीण घेऊन उभे होते आणि समोर एकही रोहित (फ्लेमिंगो) नव्हता. आदल्या रात्री मी आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर माझ्या साइटवरची नेरूळच्या डीपीएस तलावाची नोंद पाठवली होती. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की रोहितांचे थवे नेरूळकडच्या पाणथळींवर येतात, म्हणून त्या दिवशी नेरूळ. पण दादांच्या मोबाइलवर माझ्या साइटची चार पानं उघडी होती आणि चारही टॅबवर नाव एकच: ‘खाडीकाठच्या नोंदी’. घाईत त्यांनी ऐरोलीचं पान वाचलं.

मला फार वाईट वाटलं. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं. लोक लांबून येतात. माझ्या साइटमुळे कुणाची पहाट वाया जावी, हे मला चालणार नव्हतं.

साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे, थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच) जुनी, विकत घेतलेली. तिच्या हेडर डॉट पीएचपी फाइलमध्ये टायटलच्या, म्हणजे टॅबवर दिसणाऱ्या नावाच्या, टॅगमध्ये फक्त साइटचं नाव छापणारी ओळ होती. पान कुठलंही उघडा, नाव तेच. जुने धडे सांगतात की तिथे डब्ल्यूपी_टायटल हे फंक्शन वापरा. वापरलं. नोंदीचं नाव आलं, पण आधी दुहेरी बाणासारखं चिन्ह लागून, आणि मुखपृष्ठाचं नाव तर पार कोरं. त्या वाटेला जाऊच नका. ४.१ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१४ पासून, वर्डप्रेस टायटल स्वतः बनवतं. थीमने फक्त ‘मला हे हवंय’ एवढं कळवायचं. फंक्शन्स डॉट पीएचपी मध्ये एक छोटं फंक्शन लिहायचं, त्यात ॲड_थीम_सपोर्ट आणि कंसात ‘टायटल-टॅग’, आणि ते आफ्टर_सेटअप_थीम या हुकला (वर्डप्रेस आपला कोड ज्या टप्प्यावर चालवतं त्या जागेला) जोडायचं. झालं. फक्त ‘टायटल-टॅग’मध्ये हायफन आहे, अंडरस्कोर नाही. मी सवयीने अंडरस्कोर टाकला. चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही, नुसतं काही होत नाही, आणि माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

हायफन टाकल्यावरही नाव जुनंच. पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडला तर टायटल दोन होती: वर हेडरमधलं जुनं, खाली वर्डप्रेसचं नवं. ब्राउझर पहिलं धरतो. हेडरमधली ओळ काढून टाकली आणि माझ्या लॅपटॉपवर टॅबवर आलं: ‘डीपीएस तलाव, नेरूळ’. मी आनंदाने ग्रुपवर लिंक टाकली.

पाच मिनिटांत तीन स्क्रीनशॉट आले. तिन्हींवर ‘खाडीकाठच्या नोंदी’.

इथून पुढचे नऊ दिवस मी विसरू शकत नाही. ज्यांच्या सर्व्हरवर माझी साइट आहे, त्यांना तक्रार लिहिली. उत्तर: “मॅडम, ब्राउझरची कॅश क्लियर करा.” कॅश म्हणजे आधी उघडलेल्या पानांच्या साठवलेल्या प्रती. केली. मुलाच्या मोबाइलवर बघितलं, शेजारच्या काकूंच्या मोबाइलवर बघितलं, ज्यांनी माझी साइट आयुष्यात उघडली नव्हती. त्यांच्याकडेही जुनंच नाव. जिथे पान पहिल्यांदाच उघडतंय तिथे ब्राउझरची कॅश येणार कुठून? हे मी स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुसरी व्यक्ती, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या दिवशी सांगितलं, सगळे प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद करून बघा. माझ्याकडे तीनच आहेत, तेही बंद केले. पाचव्या दिवशी वरचा प्लॅन घेण्याचा सल्ला मिळाला. सहाव्या दिवशी तक्रार ‘निकाली’ असा शेरा मारून बंद झाली. मी ती पुन्हा उघडली.

मधल्या काळात मीच शोधत बसले. लॉग-इन केलं की नवं नाव, लॉग-आउट केलं की जुनं. मग पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन एक्स बरोबर एक जोडलं, म्हणजे तोच पत्ता पण सर्व्हरला नवा वाटेल असा. लॉग-आउट असूनही नवं नाव आलं! म्हणजे माझा कोड पहिल्या दिवसापासून बरोबर होता. सर्व्हरने प्रत्येक पानाची प्रत आधीच करून ठेवली होती आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला तीच जुनी प्रत मिळत होती.

लॉग-इन, लॉग-आउट आणि प्रश्नचिन्हाचा पत्ता, असे तीन स्क्रीनशॉट एकाखाली एक लावून, वर एकच वाक्य लिहून पाठवलं: कृपया सर्व्हरवरची कॅश रिकामी करा. नवव्या दिवशी एका मुलीचा फोन आला. तिने दोन मिनिटांत काम केलं आणि सांगितलं की त्यांच्या साइटवरच्या माझ्या पॅनेलमध्ये वेगाच्या सेटिंगखाली त्यासाठी बटण आहे. तिचे मी मनापासून आभार मानले. पण ते बटण पहिल्याच उत्तरात सांगता आलं असतं, हा राग अजून गेलेला नाही. तुमच्या कुणाच्या बाबतीत असं झालं तर पत्त्यामागे प्रश्नचिन्ह लावून बघणं ही पहिली पायरी ठेवा. तक्रार त्यानंतर करा, पुरावा जोडून.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवतंय: हे सगळं चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला न हात लावता तिच्यावर बसवलेल्या छोट्या थीममध्ये करा. चाइल्डचं हेडर मूळ हेडरची जागा घेतं, फंक्शन्सची फाइल मात्र मूळ फाइलच्या जोडीला चालते, म्हणून तिथे मूळ फाइल कॉपी करू नका, फक्त आपल्या ओळी ठेवा. आणि हेडरमध्ये डब्ल्यूपी_हेड हे फंक्शन आहे ना ते बघा, वर्डप्रेस टायटल त्यातूनच छापतं, ते नसेल तर टायटल येणारच नाही.

नावात ठिकाणही हवं होतं. त्यासाठी ४.४ आवृत्तीत आलेला डॉक्युमेंट_टायटल_पार्ट्स हा फिल्टर (वर्डप्रेसने बनवलेली गोष्ट छापण्याआधी बदलण्याची सोय) वापरला. त्यात टायटलचे तुकडे वेगवेगळे हातात येतात: टायटल, पेज, टॅगलाइन, साइट. इज_सिंगल खरं असेल, म्हणजे एकच नोंद उघडली असेल, तर नोंदीच्या नावापुढे तिची कॅटेगरी, म्हणजे ठिकाण, जोडते. इज_सर्च, म्हणजे शोधाचं पान, असेल तर ‘शोध’ आणि शोधलेला शब्द. शेवटी ॲरे, म्हणजे त्या तुकड्यांची यादी, परत द्यायला विसरू नका. त्याआधी मी प्री_गेट_डॉक्युमेंट_टायटल वापरून पाहिला होता, पण तो सगळं टायटल एकदम ठरवून टाकतो. यादीच्या दुसऱ्या, तिसऱ्या पानाचा आकडा जो आपोआप लागतो, तोही त्यात गेला. मधली खूण डॉक्युमेंट_टायटल_सेपरेटरने बदलते, मी उभी रेघ ठेवली आहे.

मागच्या रविवारी भरती सकाळची होती. दादांनी ग्रुपवर त्यांच्या मोबाइलचा फोटो टाकला, टॅबवर ‘रोहित उतरले, डीपीएस तलाव | नेरूळ’ दिसत होतं. खाली लिहिलं होतं, “ताई, पोचलो, समोरच आहेत.”