तुम्ही विचारलंत म्हणून: सासूबाईंच्या सेवेचे पैसे सरकारकडे कशाला मागता?

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करायची आणि वर सरकारकडे पैसे मागायचे, हे शोभते का, असे काळजीवाहक भत्त्यासाठी सह्या गोळा करू लागल्यापासून मला अनेकांनी विचारले आहे. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आमचे घर पाहिले आहे आणि मी शाळेतली नोकरी का सोडली हेही त्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते पुन्हा सांगत नाही.

ही मागणी माझ्या लोभातून निघालेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 24 मध्येच जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी असा भत्ता नमूद आहे आणि केरळच्या ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणावरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याला महिन्याला 600 रुपये ठरवलेले आहेत. (तेवढ्यात आमच्याकडे बारा तासांची बाई जेमतेम एक दिवस येईल, पण निदान तत्त्व तरी मान्य झाले.) आईवडिलांच्या निर्वाहासाठी 2007 साली झालेल्या कायद्याने जबाबदारी मुलामुलींवर आणि सज्ञान नातवंडांवर टाकली, सून त्या यादीत नाही. मात्र रात्री दोन वाजता कूस बदलायला कोण उठते, हे कोणत्याही घरात विचारून पाहावे. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ 137 मिनिटे निघाला, पुरुषांचा 75. आमच्याकडे 137 मिनिटे सकाळी नऊच्या आतच संपतात.

पैसे आले की माया आटेल, असे तुम्ही म्हणता. माया पैसे नसतानाही पुष्कळदा आटते. चादर तिसऱ्यांदा बदलताना माझ्या मनात जे येते ते इथे लिहिण्याजोगे नाही, आणि तरीही आईंना दुसरीकडे ठेवावे असे मला कधी वाटलेले नाही.

मला खरे अडवले ते दिवसपाळीला येणाऱ्या मावशींनी. पहिली सही त्यांचीच घ्यावी म्हणून मी कागद पुढे केला, तेव्हा त्या आईंच्या पाठीला पावडर लावत होत्या. त्यांनी कागद हातात घेतला नाही. “वहिनी, तुम्हाला घरबसल्या पैसे मिळाले की मला बंद करणार का?” असे त्यांनी विचारले. उलट त्यातून तुम्हाला जास्त देता येईल, असे मी म्हणाले. आईंना कुशीवर टेकवून, पाठीशी उशी लावून झाल्यावर त्या म्हणाल्या, “माझा सासरा पण असाच पडून आहे. मी इथं येते म्हणून पोरगी बारावी सोडून त्याच्यापाशी बसते. तिचं नाव तुमच्या कागदात कुठं बसतं?” सासऱ्यांकडे भत्त्यासाठी लागणारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नव्हते, कारण त्यांना तपासणीला न्यायचे तर गाडी, उचलायला दोन माणसे आणि मावशींचा एक खाडा लागणार, आणि खाड्याचे पैसे त्यांना कामावर पाठवणारा ब्युरो कापतो. एवढे बोलून त्या पेज आणायला गेल्या. सही झाली नाही.

भत्ता मिळाला की सगळ्यांचेच भले होईल, असे तोवर मी बैठकांमधून सांगत असे. त्यातले अर्धे मला आजही मान्य आहे. तुटपुंज्या भत्त्याच्या नावाखाली घरातल्या बाईला कायमची घरातच बसवतील, ही शंका मला स्वतःलाच येते. पण म्हणून तिने फुकट बसावे, हेही पटत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे, तरी मावशींचे तास, दर आणि सुट्टी ब्युरो आणि आम्ही घरवालेच ठरवतो.

म्हणून मागणीपत्रात आता घरी येणाऱ्या सेविकांसाठी किमान वेतन आणि भरपगारी साप्ताहिक सुट्टी हीही मागणी घातली आहे. भत्त्याला आनंदाने सही देणाऱ्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या काहींनी हा नवा कागद परत केला, कारण त्यांच्याकडेही बाई येते. त्यांच्यातल्या एका काकांनी विचारले, “रविवारी तिला सुट्टी दिली तर माझ्या बायकोला कोण उचलणार?” त्या दिवसासाठी बदली माणूस देणारे सरकारी केंद्र हवे, असे मी म्हणाले. ते केंद्र होईपर्यंतच्या रविवारांचे काय, असे त्यांनी विचारले.