२२ एप्रिल २०२१, रात्र : लिटरचा हिशोब

नाशिकची बातमी कालपासून डोक्यातून जात नाही. झाकीर हुसेन कोविड रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळला, पुरवठा तुटला, २२ जण गेले. आज सकाळीच सरांचं फर्मान आलं: ऑक्सिजन वाचवायचा, कुणाचंही सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) उगाच ९८ टक्के ठेवायचं नाही, ९२-९४ पुरे.

म्हणून दिवसभर बेडोबेड फिरून फ्लोमीटरवर ऑक्सिजनचा प्रवाह कमी केला. नळीतली ती बारकी गोळी पाचवरून तीनवर येते, पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे मंदावतात, आणि उशाशी बसलेली मुलगी लगेच विचारते, "डॉक्टर, कमी का केला?" बाबांना बरं वाटतंय म्हणून, असं सांगितलं. वाटत होतंच. टँकर अजून रस्त्यात आहे, हे तेवढं गिळलं.

खरी पंचाईत हाय फ्लोची, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या मशीनची. पूर्ण ऑक्सिजनवर एक मशीन मिनिटाला ६० लिटर ओढतं. पाच-पाच लिटरवर असलेले बारा पेशंट तेवढ्यात निघतात. ७,००० लिटरचा जम्बो सिलिंडर त्यावर दोन तासही टिकत नाही. संध्याकाळी एक मशीन रिकामं झालं आणि दावेदार दोघं: सत्तरीच्या एक आजी आणि तिशीतला एक धिप्पाड गडी. आजी पालथ्या झोपल्या की मास्कवरच ९० गाठत होत्या. त्याला पालथं झोपताच येईना. मशीन त्याला लावलं. कारण वैद्यकीय होतं, केसपेपरवर तेच लिहिलं. पण वय मनात आलंच नाही म्हणणं ढोंग होईल.

मार्च २०२० मध्ये इटलीतल्या भूल आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने आयसीयू प्रवेशाला वयाची मर्यादा घालावी लागू शकते, असं उघड लिहून टाकलं. निर्दयी वाटतं खरं. पण लिहिलेल्याशी भांडता तरी येतं. आमच्याकडे कागद नाही, फोन आहेत. अमक्या साहेबांचा माणूस आहे, जरा बघा. मुंबईत निदान बेड महापालिकेच्या वॉर्डातल्या वॉररूममधून (कोविड नियंत्रण कक्षातून) मिळावा, असा नियम तरी आहे. (तिथेही ओळखी चालत असतीलच म्हणा.)

उद्या सरांना सांगणार आहे: मशीन कुणाला, हे ठरवायला तिघांची नावं भिंतीवर लावा, आणि त्यातला एक तरी असा हवा ज्याचा स्वतःचा पेशंट रांगेत नाही. चिडतील. पण साहेबांचे फोन त्यांनाही झोपू देत नाहीत, त्यामुळे ऐकतीलही कदाचित.