तुम्ही विचारलंत म्हणून : ५१ की ९?

लॉस एंजेलिसला आमच्या मंडळाचा कार्यक्रम असला की जेवणाच्या रांगेत कुणी ना कुणी मला गाठतंच. कधी कॉलेजात जाणारा एखादा मुलगा असतो, कधी त्याचे बाबा, तर कधी लेकीकडे आलेल्या एखाद्या काकू. यूएससीच्या, म्हणजे इथल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, मुलींच्या बास्केटबॉलचं मला वेड आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे प्रश्नही ठरलेला, त्यांच्या स्टार खेळाडूबद्दल : "ज्युजू वॉटकिन्सच्या पहिल्या वर्षातली तुमची सगळ्यात आवडती मॅच कोणती?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही ठरलेलं असतं. ५१ पॉइंटवाली.

माझं उत्तर दुसरं आहे. पण हातात ताट आणि मागे खोळंबलेली माणसं असताना ते नीट सांगून होत नाही. म्हणून आज सविस्तर सांगते.

ज्युजू वॉट्सची. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातली ही कष्टकऱ्यांची वस्ती. तिचे पणजोबा टेड वॉटकिन्स मोटार कामगारांच्या युनियनमधले. १९६५ मध्ये त्यांनी वॉट्समधल्या लोकांच्या रोजगारासाठी आणि घरांसाठी झटणारी संस्था उभी केली. आज तिथल्या मोठ्या पार्कला त्यांचं नाव आहे. पणतीने पहिल्यांदा बास्केटबॉल हातात घेतला तो त्याच पार्कात. ज्या जागेला आपल्या घरातल्या माणसाचं नाव आहे, तिथे धावताना लहान मुलीला काय वाटत असेल, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलंय.

शाळा संपताना २०२३ च्या बॅचमध्ये ती देशात पहिल्या क्रमांकाची खेळाडू मानली जात होती. अशा मुलीमागे इथली कॉलेजं कशी लागतात, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन समजत नाही. मुलगी नववी-दहावीत असल्यापासून कोच तिच्या मॅचेसना येऊन बसतात, पुढे घरी येतात, आईवडिलांशी बोलतात, कॅम्पस दाखवायला नेतात. बारावीला मार्क किती पडतात म्हणून आपण देव पाण्यात ठेवतो. इथे देव कॉलेजचे कोच पाण्यात ठेवतात. शिवाय २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. ज्युजूचा नायकीशी करार तर शाळेत असतानाच झाला होता.

शेवटी तिच्या यादीत तीन नावं उरली : साउथ कॅरोलायना, स्टॅनफर्ड आणि यूएससी. स्टॅनफर्ड २०२१ चं राष्ट्रीय विजेतं, साउथ कॅरोलायना २०२२ चं. यूएससीचं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९८४ चं, त्यांची तेव्हाची स्टार शेरिल मिलर हिच्या काळातलं. लिंडसे गॉटलिब कोच म्हणून आल्या, त्या पहिल्या वर्षी तर संघ जिंकला कमी आणि हरला जास्त. ज्युजूने यूएससी निवडलं. घरापासून जवळ, वॉट्सच्या माणसांना येऊन बघता येईल असं. साउथ कॅरोलायनाने तिच्याशिवायही त्याच वर्षी एकही मॅच न हरता विजेतेपद घेतलं. तिकडे गेली असती तर पहिल्याच वर्षी तिच्या हातात राष्ट्रीय ट्रॉफी असती, असं लोक हळहळून म्हणतात. मला कधी तशी हळहळ वाटली नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिलीच मॅच लास व्हेगासला, ओहायो स्टेटशी. तिने ३२ पॉइंट केले, यूएससी जिंकली. जानेवारीत यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्याच दुसऱ्या विद्यापीठाविरुद्धच्या मॅचला मी गॅलन सेंटरला, यूएससीच्या घरच्या कोर्टवर होते. यूसीएलए तोवर एकही मॅच हरली नव्हती. दहा हजारांवर माणूस. माझ्या पुढच्या रांगेत पाच-सहा चिमुरड्या बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या डोक्यावर मधोमध उंच गोल अंबाडा, अगदी ज्युजूसारखा. एकीचा सुटला, तर आईने मॅच चालू असतानाच तोंडात पिना धरून तो पुन्हा बांधला. यूएससीने ७३-६५ अशी मॅच काढली आणि ज्युजूने ३२ पॉइंट केले.

आता ती ५१ ची मॅच. २ फेब्रुवारी २०२४, स्टॅनफर्डच्या घरच्या कोर्टवर. स्टॅनफर्डच्या कोच टॅरा व्हॅनडरव्हीर, ज्या दोनच आठवड्यांपूर्वी कॉलेज बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त मॅचेस जिंकणाऱ्या कोच ठरल्या होत्या. आणि ज्या कॉलेजला नाही म्हणून सांगितलं, त्यांच्याच कोर्टवर ही अठरा वर्षांची मुलगी उभी. २६ शॉटमध्ये १४ बास्केट, त्यातल्या सहा तीन पॉइंटच्या. फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट, १९ पैकी १७. यूएससीच्या एकूण ६७ पॉइंटपैकी ५१ तिचे. बाकी सगळ्यांचे मिळून १६! यूएससीकडून एका मॅचमध्ये इतके पॉइंट आजवर कुणी केले नव्हते. स्टॅनफर्ड ५८ वर राहिली.

मी ती मॅच घरी पाहिली, शेवटची दहा मिनिटं सोफ्यासमोर उभी राहून. त्यातला मला सगळ्यात भावलेला भाग फ्री थ्रोचा. धावताना, उडी मारताना अंगात जोश असतो, त्यावर निभावून जातं. फ्री थ्रोला सगळं थांबतं. समोर फक्त रिंग, आणि परक्या कोर्टवर ओरडणारी माणसं. तिथे १९ पैकी १७ म्हणजे डोकं किती थंड असेल!

पण आवडती मॅच म्हणाल तर पुढच्या महिन्यातली.

पॅक-१२ ही तेव्हा पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणारा गट. त्या वर्षानंतर तिच्यातली दहा विद्यापीठं बाहेर पडणार होती, म्हणजे लास व्हेगासची ती स्पर्धा त्या सगळ्यांची एकत्र अशी शेवटचीच. शुक्रवारी सेमीफायनलला यूसीएलए. दोनदा जादा वेळ खेळावा लागला. ज्युजूचे ३३ पॉइंट. रविवारी, १० मार्चला फायनल. समोर पुन्हा स्टॅनफर्ड.

फेब्रुवारीतले ५१ पॉइंट स्टॅनफर्ड विसरणं शक्यच नव्हतं. ज्युजूकडे बॉल आला की वाट बंद. एकामागून एक शॉट रिंगला लागून बाहेर पडत राहिले. १५ पैकी आत गेले दोन. मॅच संपली तेव्हा तिच्या नावावर नऊ पॉइंट.

आणि यूएससीने फायनल ७४-६१ अशी जिंकली.

आकड्यांकडे नीट बघा. त्या वर्षी एरवी ती मॅचमध्ये वीसच्या वर शॉट मारायची. त्या दिवशी १५ वर थांबली. रिंग साथ देत नाही हे तिला कळलं होतं, आणि स्टॅनफर्डचं सगळं लक्ष आपल्यावर आहे म्हणजे दुसरीकडे कुणीतरी मोकळं आहे, हेही. मोकळी होती मॅकेन्झी फोर्ब्ज. तिने २६ पॉइंट केले. फोर्ब्ज शिकून आली हार्वर्डमधून, कायला पडिया पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आणि केटलिन डेव्हिस कोलंबियामधून. तिन्ही विद्यापीठं अभ्यासासाठी नावाजलेली, जिथे बास्केटबॉलसाठी वेगळी स्कॉलरशिप मिळत नाही. गॉटलिबबाईंनी या तिघींना कॉलेजच्या शेवटच्या वर्षासाठी आणलं, ते ज्युजू यायची त्याच वर्षी. देशातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू मिळाल्यावर तिच्या शेजारी कोण उभं करायचं, हा विचार ज्या कोचने केला, तिला मी मनापासून मानते.

हे मला एवढं का लागतं, तेही सांगते. मी नागपूरला वाढले. सिमेंटचं कोर्ट. उन्हाळ्यात पाच वाजेपर्यंत पाय ठेववायचा नाही, म्हणून प्रॅक्टिस सहाला सुरू. मी गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी खेळाडू होते आणि गावात थोडंफार नाव होतं. आंतरकॉलेज स्पर्धेची फायनल लागली. माझे पहिले सहा शॉट बाहेर गेले. सहावा गेल्यावर मी पास द्यायचंच थांबवलं. बेसलाइनजवळ आमची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी मुलगी, हात वर करून उभी होती. "दे नं, दे नं," तिचे ओठ हलताना मला स्वच्छ दिसत होते. मी नजर फिरवली आणि सातवा मारला. रिंगच्या मागच्या कडेला आपटून बॉल सरळ त्यांच्या हातात गेला आणि त्यांनी पळत जाऊन बास्केट केली. आम्ही तीन पॉइंटने हरलो. सर काही बोलले नाहीत. आमची सेंटर बाजूला बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. तिने वर बघितलं नाही. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

ज्युजू त्या फायनलला अठराची होती. साऱ्या देशाचं लक्ष तिच्यावर होतं, नायकीचं नाव तिच्यामागे होतं, वर्षभर लोक तिचेच पॉइंट मोजत होते. आणि तिचा शॉट लागत नसताना तिच्या संघाची फायनल हातची गेली नाही. हे जमायला किती मोठं मन लागतं ते मला माहीत आहे, कारण मला ते जमलं नव्हतं.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. राष्ट्रीय स्पर्धेत यूएससी शेवटच्या आठांत पोचली, १९९४ नंतर पहिल्यांदाच. पोर्टलंडला कनेटिकटने त्यांना ८०-७३ असं हरवलं. त्याच मॅचमध्ये ज्युजूने ४० वर्षांपूर्वीचा ८९८ पॉइंटचा विक्रम मागे टाकला. वर्षाचे ९२० पॉइंट, मॅचमागे २७ च्या वर. कॉलेजच्या पहिल्या वर्षात एवढे पॉइंट आजवर कुठल्याच मुलीने केलेले नव्हते. त्या ९२० मध्ये लास व्हेगासचे नऊही आलेच.

शनिवारी सकाळी मी आमच्या भागातल्या पार्कच्या जिममध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलींना शिकवते. मागच्या महिन्यात त्यातली एक सात शॉट चुकल्यावर बेंचवर जाऊन बसली आणि टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. मी शेजारी टेकले. म्हटलं, ज्युजूने एकदा फायनलला १५ मारले होते, १३ बाहेर गेले, तरी त्यांची टीम चॅम्पियन झाली.

टॉवेल थोडा वर झाला. "मग पॉइंट कुणी केले?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मॅकेन्झी फोर्ब्ज. सव्वीस. तिने मला ते नाव पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि टॉवेल बेंचवर टाकून कोर्टवर पळाली.