तुम्ही विचारलंत म्हणून: कुराणात अध्याय ११४ की ३०?

हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की एकदा नीट लिहूनच टाकते. कुणी सांगतं कुराणात ११४ अध्याय, कुणी म्हणतं रमजानमध्ये तर ३० वाचतात, मग खरं काय? दोन्ही खरं आहे, फक्त ३० ला अध्याय म्हणू नका.

अध्याय म्हणजे सूरह, त्या ११४, आणि त्या मूळ ग्रंथाच्याच. सारख्या लांबीच्या अजिबात नाहीत, दुसरी सूरह बकरा २८६ आयतींची (आयत म्हणजे कुराणातलं एक वचन) आणि कौसर फक्त ३ आयतींची. पारे म्हणजे कुराणाचे साधारण सारखे भाग, ते ३०, ते नंतरच्या काळात वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी पाडलेले, म्हणजे महिन्यात रोज एक वाचला की कुराण पूर्ण. आठवड्यात संपवायचं तर ७ मंझिला आहेत. पारा पाडताना बघितलीय ती लांबी, विषय नाही, त्यामुळे दुसरा पारा अख्खा बकरातच जातो, त्यात एकही सूरह सुरू होत नाही की संपत नाही, आणि शेवटच्या पाऱ्यात मात्र ३७ सूरह. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी आधी हाच पारा पाठ करायला देतात, ते बरोबरच आहे, छोट्या सूरह पटकन तोंडात बसतात.

आता मला खरं सांगायचंय ते हे की पारा संपला म्हणजे गोष्ट संपली असं समजू नका. सूरह यूसुफ घ्या. यूसुफ पैगंबर निर्दोष असून तुरुंगात आहेत, अझीज ह्या मिसरच्या सरदाराच्या बायकोने त्यांच्यावर खोटा आळ घेतलेला. राजा त्यांना तुरुंगातून बाहेर यायचं बोलावणं पाठवतो तरी यूसुफ लगेच निघत नाही, म्हणतो आधी शहरातल्या त्या बायकांना, ज्यांनी मला पाहून आपले हात कापून घेतले होते, विचारा काय झालं होतं, मग चौकशी होते आणि अझीजची बायको सगळ्यांसमोर कबूल करते की चूक माझी होती, तो खराच आहे. आणि ह्याच बोलण्याच्या ओघात ५२व्या आयतीला १२वा पारा संपतो! पुढची आयत, मी माझ्या मनाला निर्दोष म्हणत नाही, मन तर वाईटाकडेच ओढतं, ही १३व्या पाऱ्याची सुरुवात. पारा झाला म्हणून तिथेच कुराण मिटून ठेवलं तर एवढा मोठा प्रसंग अर्ध्यावर तुटतो, मला ते फार लागतं.

ह्यावर उपाय आपल्या उपखंडातल्या छपाईतच आहे, रुकू, म्हणजे काही आयतींचा छोटा परिच्छेद. समासात ऐन (ع) हे अरबी अक्षर दिसतं ना, त्याच्या वर, मध्ये आणि खाली छोटे आकडे असतात. वरचा म्हणजे सूरहमधला कितवा रुकू, मधला त्या रुकूत आयती किती, खालचा पाऱ्यातला कितवा. रुकू साधारण अर्थ बघून पाडलेत. यूसुफमध्ये ५० ते ५७ आयती हा एकच रुकू आहे, म्हणजे पाऱ्याने तोडलेला प्रसंग रुकूने सलग ठेवलाय. (अरब देशातल्या प्रतीत हे ऐन सहसा नसतं, तिथे पाऱ्याचे दोन हिज्ब आणि प्रत्येक हिज्बचे चार भाग, ते परत लांबीवरच.)

अजून एक, पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि बकरात अडकतात असे खूपजण भेटतात. सूरहंचा क्रम उतरण्याच्या, म्हणजे पैगंबरांना त्या मिळाल्या त्या क्रमाने नाहीये, सगळ्यात आधी उतरलेल्या आयती ९६व्या सूरहमध्ये आहेत. मोठ्या सूरह साधारण पुढे, छोट्या मागे, म्हणून पहिल्यांदा अर्थासकट वाचणाऱ्याला मी यूसुफच सुचवते, १११ आयती, १२ रुकू, जवळजवळ सगळी एकच सलग गोष्ट. एका बैठकीत होते. नाहीच जमलं तर रुकूवर थांबा, पाऱ्यावर नको.