स्क्रिप्ट संपल्याची सूचना : आतापर्यंतची प्रगती

लिनक्सवरील बॅकअपची शेल स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल) संपताच पडद्यावर सूचना यावी, ही व्यवस्था आता बरीचशी मार्गी लागली आहे. स्क्रिप्टच्या अखेरच्या ओळीवर डेस्कटॉपवर सूचना दाखवणारी नोटिफाय-सेंड ही कमांड ठेवणे हा सर्वांत सरळ मार्ग खरा. परंतु ‘सेट -ई’ लावलेल्या स्क्रिप्टमध्ये एखादी कमांड फसली की काम तिथेच थांबते आणि अखेरची ओळ गाठलीच जात नाही, म्हणजे सूचनेची सर्वाधिक गरज असते नेमकी तेव्हाच ती येत नाही.

म्हणून सूचना पाठवणारे फंक्शन मी आता आरंभीच ‘ट्रॅप’ ही कमांड वापरून ‘एक्झिट’ला, म्हणजे स्क्रिप्ट संपण्याच्या क्षणाला, जोडले आहे. स्क्रिप्ट नीट संपो, मध्येच अडो वा कंट्रोल-सीने थांबवली जावो, बॅश या शेलमध्ये ते चालते. या फंक्शनची पहिली ओळ डॉलर-प्रश्नचिन्हातील एक्झिट कोड (0 म्हणजे यश, इतर आकडा म्हणजे अपयश) एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवते. हा क्रम काटेकोरपणे पाळावा, कारण त्याआधी मजकूर छापणारा साधा ‘एको’ जरी चालला तरी मूळ कोड जाऊन त्याजागी एकोचा 0 येतो आणि फसलेला बॅकअप यशस्वी भासतो. कोड 0 असल्यास साधी सूचना जाते. एरवी तिची निकड ‘क्रिटिकल’ असते, त्यामुळे बहुतेक डेस्कटॉपवर ती आपण हटवेपर्यंत टिकून राहते. मजकुरात स्क्रिप्टचे नाव, कोड आणि बॅशच्या ‘सेकंड्स’ या व्हेरिएबलमधून मिळणारा वेळ असतो. नुसते ‘काम झाले’ एवढेच सांगणारी सूचना मला अपुरी वाटते. कोड 130 दिसला की कंट्रोल-सी दाबले गेले हे उमगते, कारण सिग्नलने (चालू प्रोग्रॅमला पाठवलेल्या संदेशाने) थांबलेल्या प्रोसेससाठी शेल 128 मध्ये त्या सिग्नलचा क्रमांक, इथे 2, मिळवते.

ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमधून चालणाऱ्या स्क्रिप्टची सूचना मात्र दिसत नव्हती. क्रॉनच्या मोजक्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (स्क्रिप्टला मिळणाऱ्या व्हेरिएबलांमध्ये) डेस्कटॉप सेशनच्या डी-बसचा, म्हणजे प्रोग्रॅममधले संदेश पोचवणाऱ्या यंत्रणेचा, पत्ता नसतो. सिस्टमडी हा सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम असलेल्या प्रणालीत तो साधारणतः ‘/रन/युजर/’ या डिरेक्टरीत, आपल्या युजर आयडीच्या फोल्डरमधील ‘बस’ या सॉकेटचा असतो. तो पत्ता स्क्रिप्टमध्येच एक्स्पोर्ट केल्यावर, लॉगिन केलेले असताना सूचना येऊ लागली.

एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करून, दुसऱ्या संगणकावर चालणाऱ्या कामांसाठी सध्या टर्मिनलची घंटाच वापरतो. प्रोसेस तत्काळ बंद पाडणारा सिगकिल हा सिग्नल (क्रमांक 9) कोणत्याही ट्रॅपला अडवता येत नाही. त्यासाठी मूळ स्क्रिप्ट चालवून तिचा 137 हा कोड बाहेरून टिपणारी छोटी स्क्रिप्ट आता लिहायला घेतली आहे.