आमची वाटचाल : होडीपासून रेग्युलेटरच्या टेबलापर्यंत

आम्ही मालवणातले, घरात पिढीजात मासेमारी. तारकर्ली-देवबागला पर्यटक वाढू लागले तसं आमच्या होडीवर स्कूबा सुरू झालं. मे अखेरीस होड्या वर ओढायच्या आणि पाऊस ओसरला की पुन्हा पाण्यात लोटायच्या, हे आमचं वर्ष. म्हणजे कमाईचे महिने मोजकेच. त्यात ऐन दिवाळीत एखादा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा दाब कमी करून तोंडापर्यंत देणारं यंत्र, गळायला लागला की तो बाहेरगावी पाठवायचा आणि परत येण्याची वाट बघायची. हंगाम काही थांबत नाही.

पैशाचं नुकसान होतंच, पण मला त्याहून जास्त खटकायचं ते वेगळंच. मालवणात पाण्यात उतरणारी बहुतेक माणसं पहिल्यांदाच उतरतात, कित्येकांना पोहता येत नाही. ती आमच्या भरवशावर तोंडात माउथपीस धरतात. त्या माउथपीसच्या मागे काय चाललंय, हे आमच्यातल्या कुणालातरी नीट कळायलाच हवं होतं.

म्हणून शिकायला गेलो. 'पाडी' या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या इक्विपमेंट स्पेशालिस्ट कोर्समध्ये निगा, साठवण आणि किरकोळ दुरुस्ती शिकवतात. रेग्युलेटर पूर्ण उघडून पुन्हा जोडायचं शिक्षण मात्र बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या टेक्निशियन कोर्समध्ये देतात आणि अनेक कंपन्या सर्व्हिस किटही अशा प्रशिक्षित माणसालाच विकतात. आधी ही अट जाचक वाटायची. आता पटते.

आमच्याकडच्या पोरांचा हात मुळातच बसलेला होता. आउटबोर्ड इंजिन उघडून जोडणाऱ्याला फर्स्ट स्टेजची, म्हणजे रेग्युलेटरच्या टाकीवर बसणाऱ्या भागाची, भीती वाटत नाही. शिकायची होती ती स्वच्छता. ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, काढायला पितळी किंवा प्लास्टिकचा आकडाच वापरायचा. पोलादी टोकाने खाचेत बारीक ओरखडा पडला तरी नवी ओ-रिंगसुद्धा हवा सोडते. पितळेवरची हिरवी पुटं पांढरं व्हिनेगर आणि पाण्याच्या मिश्रणात, अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये उतरतात, पण भाग त्यात जास्त वेळ राहिला तर वरचा क्रोमचा मुलामा जातो. घड्याळ लावूनच काम करायचं.

नवीन माणसाला मी सगळ्यात आधी फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला छोटा धातूचा फिल्टर दाखवतो. हिरवा झाला असेल तर डस्ट कॅप न लावता धुतल्यामुळे आत पाणी गेलंय. काळा असेल तर कॉम्प्रेसरचा कार्बन फिल्टर तपासा. तांबूस असेल तर पोलादी टाकी आतून गंजतेय. उघडण्याआधीच रेग्युलेटर आपली कहाणी सांगतो.

जोडणी झाली की खरी परीक्षा. टाकीतला सुमारे 200 बारचा दाब फर्स्ट स्टेज बहुतेक मॉडेलांत 9 ते 10 बारवर आणते. गेज लावायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा स्थिर राहिला पाहिजे. हळूहळू चढू लागला तर त्याला क्रीप म्हणतात. बहुतेक वेळा फर्स्ट स्टेजमधली हवेची वाट बंद करणाऱ्या हाय प्रेशर सीटवर वळ पडलेला असतो, भिंगाखाली तो गोल स्पष्ट दिसतो. चढलेला दाब शेवटी सेकंड स्टेज, म्हणजे तोंडाकडचा भाग, उघडतो आणि होडीवरून आवाज येतो, "दादा, हवा सुटता हा." तेव्हा सेकंड स्टेजवरच्या, हवा मोकळी सोडायच्या पर्ज बटणाशी खेळण्यात अर्थ नसतो, दोष टाकीकडच्या फर्स्ट स्टेजमध्ये असतो.

पुढे शेजारच्या होड्यांचे सेट यायला लागले, मग गोव्याहून, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ डाइव्ह करणाऱ्यांकडूनही. पडवीतलं टेबल अपुरं पडलं आणि वेगळी खोली बांधली. कोकणातली दमट हवा लक्षात घेऊन तिथे डीह्युमिडिफायर बसवला. प्रत्येक रेग्युलेटरची वही माझी बायको सांभाळते : सीरियल नंबर, बदललेले भाग, सर्व्हिसआधीचा आणि नंतरचा दाब. गिऱ्हाईकाला जुने भाग पिशवीत घालून परत देतो. या वहीने आम्हाला जाहिरातीपेक्षा जास्त काम मिळवून दिलं.

काही कामं आम्ही घेत नाही. ज्या कंपनीचं प्रशिक्षण नाही, तिचा रेग्युलेटर उघडत नाही. सीटला पर्याय म्हणून बाजारातला 'चालेल असा' भाग बसवत नाही. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने करायची मजबुतीची तपासणी, तर मान्यताप्राप्त केंद्राचंच काम. नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो' या स्फोटकं आणि दाबाच्या टाक्यांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या अखत्यारीतला हा विषय, त्यात घरगुती प्रयोगाला जागा नाही.

स्वतःचं साहित्य असलेल्या डाइव्हरना मात्र आम्ही आवर्जून शिकवतो. माउथपीस आणि त्याची पट्टी बदलणं, होज सोडून पुन्हा बसवणं, टाकीच्या व्हॉल्व्हची ओ-रिंग, मास्कचा पट्टा, बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या, आतून गोडं पाणी फिरवणं, एवढं प्रत्येकाला आलंच पाहिजे. धुताना पर्ज दाबू नये, हे तर पहिल्या तासातच सांगतो. समुद्र बंद असतो तेव्हा, जून ते ऑगस्टमध्ये या बॅच घेतो. येताना आपला सेट गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण सुकवून आणा. ओला सेट टेबलावर घेत नाही.